खंडेराव मार्केट, भोगीची भाजी आणि माझी दोन किलो रताळी

यंदा संक्रांतीला बडोद्याला मावशीकडे गेले होते आणि निघताना आईने एकच काम सांगितलं, की येताना तिकडची रताळी आण दोन किलो, एकादशी येतेय, तिकडे म्हणे फार गोड मिळतात. (कोणी सांगितलं तिला देव जाणे.) एवढंसं काम. त्या रताळ्यांचं पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी मार्केटचं सांगू दे.

नाशिकहून रात्रीची स्लीपर पकडली, सापुताऱ्याच्या घाटात झोपेचं जे व्हायचं ते झालं, आणि पहाटे त्या ड्रायव्हरने मला हायवेवर कपुराई चोकडीला उतरवून दिलं. चोकडी म्हणजे चौक. मावशीचा मुलगा ॲक्टिव्हा घेऊन उभा होता आणि ॲक्टिव्हाच्या हँडलवर ही एवढी उंच तारेची कमान. मला खरंच वाटलं की अँटेना आहे, म्हटलं दादा रेडिओ ऐकतोस का काय गाडीवर. तर तो म्हणाला मांजा गं. उत्तरायणाच्या आधीपासूनच रस्त्यावर कुठूनही कापलेल्या पतंगाचा दोरा आडवा येतो आणि थेट गळ्याला लागतो, म्हणून ही तार. मग जाताना बघत गेले तर निम्म्या टू-व्हीलरना तशीच तार. आपल्याकडे येवल्यात पण पतंग जोरात असतात पण इतक्या सगळ्या गाड्यांना तार मी पहिल्यांदाच बघितली.

मावशी राहते दांडिया बाजारात. बडोद्यात ज्यांचं कोणी आहे त्यांना हे नाव माहीत असणारच, जुनी मराठी वस्ती, अजूनही दारांवर जोशी, पवार, शिर्के अशा पाट्या दिसतात. अरविंद घोष बडोद्याला नोकरीला होते तेव्हा इथेच राहायचे, ते घर आता जपून ठेवलंय, आश्रमासारखं शांत आहे एकदम. मावशीला लग्न होऊन जाऊन अडतीस वर्षं झाली, आणि तिची मराठी आता एक वेगळाच प्रकार झालाय. व्याकरण आपलं, मीठ-मसाला गुजराती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ने'. भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी सकाळी मला हलवून उठवते आणि म्हणते, "चल ने लवकर, मोडं होतंय." मी अर्धवट झोपेत, काय मोडतंय? कुठे? तर मोडं म्हणजे उशीर. इथूनच दिवसाची सुरुवात झाली म्हणा ना.

मला खंडेराव मार्केट बघायचं होतं ते खरं सांगायचं तर बिल्डिंगसाठी. इन्स्टावर फोटो बघितले होते, कमानी, वर छत्र्या-घुमट, एखाद्या राजवाड्यासारखं तोंड, आणि हे भाजी मार्केट?? मावशीला बिल्डिंगचं काही पडलेलं नव्हतं, तिला भोगीची भाजी घ्यायची होती. तसं मार्केट तिच्या घरापासून लांब नाहीच, पण पिशव्या जड होतात म्हणून गाडीने. वाटेत सुरसागर तलाव लागतो, मधोमध १११ फुटी महादेव उभा, सकाळच्या धुक्यात फक्त खांद्यापासून वरचा दिसत होता. मावशी मागे बसून नमस्कार करत होती आणि त्याच हाताने मला डावीकडे वळ म्हणून दाखवत होती, त्यामुळे मी नमस्कार समजून सरळ गेले आणि एक अख्खी फेरी जास्त पडली.

तर बिल्डिंग. समोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा वाटतं की आपण चुकीच्या ठिकाणी आलो, कारण दर्शनी भागात महानगरपालिकेचं ऑफिस आहे. म्हणजे तुम्ही घरपट्टीच्या कामाला आलात तरी त्याच कमानीकडे येणार आणि कोथिंबिरीला आलात तरी तिकडेच, फक्त कोथिंबीरवाल्यांनी आत आणि मागे जायचं. मला ही व्यवस्था भयंकर आवडली. फोटो काढायला मात्र काही धड जमलं नाही, प्रत्येक फोटोत कोणाची तरी बाईक नाहीतर कोणाची तरी गोणी.

हे मार्केट बांधलं १९०६ मध्ये, सयाजीराव गायकवाडांनी. आता आम्हा नाशिकवाल्यांना सयाजीराव म्हटलं की उगाच छाती फुगवायची सवय आहे, कारण ते मूळचे आमच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, गोपाळराव नाव, शेतकरी घरातलं पोरगं. झालं असं की खंडेराव महाराज १८७० मध्ये वारले, मग त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले, त्यांना इंग्रजांनी १८७५ मध्ये खाली उतरवलं, आणि मग खंडेरावांच्या राणी जमनाबाईंनी गायकवाडांच्या भाऊबंदांतला मुलगा दत्तक घ्यायचं ठरवलं. मुलं बोलावली, विचारलं की इथे कशाला आलात, तर बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला राज्य करायला, अशी गोष्ट सांगतात. आमच्या शाळेत ही गोष्ट सर इतक्या रंगवून सांगायचे की जणू ते स्वतः तिथे दाराआड उभे होते. तर त्या मुलाने मोठेपणी, कारभार हातात घेऊन पंचवीस वर्षं झाली तेव्हा हे मार्केट बांधून नगरपालिकेला दिलं आणि नाव दिलं दत्तक वडिलांचं, ज्यांना त्याने कधी बघितलंही नव्हतं. त्याच १९०६ साली त्यांनी अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आणि अरविंद घोष बडोदं सोडून कलकत्त्याला गेले तेही १९०६ लाच. मी हे सगळं मावशीला कमानीखाली उभी राहून सांगत होते तर ती म्हणाली, "हो ने, पण आपली पापडी संपेल."

आत गेल्यावर आधी फुलं लागली. मी मंडईबिंडईला बऱ्यापैकी जाणारी बाई आहे पण एवढी गुलाबाची फुलं ढिगाने, पोत्यावर ओतलेली, किलोवर विकताना कमी बघितलीत. झेंडूचे डोंगर, पाणी मारून मारून खालची फरशी सगळी निसरडी, आणि त्या ओल्या पानांचा, कुजायला लागलेल्या देठांचा आणि गुलाबाचा असा एकत्र वास. एक आजी मांडी घालून हार ओवत होत्या, दाभणासारखी लांब सुई, एका घासात सहा-सात झेंडू टोचायच्या आणि सर्रकन मागे ढकलायच्या, मान वर न करता मागच्या मुलाशी हिशोबावरून भांडत होत्या. दहा मिनिटं बघत बसले असते, मावशीने ओढून नेलं.

आणि मग भाजीच्या बाजूला माझं शिक्षण सुरू झालं.

मला गुजराती तशी कळते असं मला वाटत होतं. म्हणजे टीव्ही, लग्नं, फाफडा वगैरे. अडचण ही की न कळणारा शब्द आला तर माणूस विचारतो, पण ओळखीचा शब्द आला की विचारत नाही, आणि तिथेच फसतो. पहिल्याच ठेल्यावर मी ऐटीत विचारलं, "भाजी ताजी छे?" तर त्याने माझ्यासमोर मेथी, पालक आणि तांदळ्याची जुडी ठेवली. मी वांग्यांकडे बोट दाखवते, म्हटलं ही भाजी. तो म्हणे, "ए तो शाक, बेन." गुजरातीत भाजी म्हणजे फक्त पालेभाजी, बाकी सगळं शाक. म्हणजे आपण तिकडे जाऊन रोज भाजी-पोळी खाल्ली म्हणतो तेव्हा त्यांना वाटत असेल बिचारे पाल्यावरच जगतात.

पुढे एक जण ओरडत होता "गलका, गलका". गलका तर चालूच होता चारी बाजूंनी. तर गलका म्हणजे गिलके, घोसाळी. त्याच्या शेजारी एक बाई म्हणाली चोळी घ्या, पाव किलो चोळी, आणि मी खरंच तिच्या टोपलीत कापड शोधलं. चवळीच्या शेंगा होत्या. मग मोगरी! मला वाटलं भर थंडीत मोगरा कुठून, फुलांच्या बाजूने आला असेल, आणि आमच्या आजीच्या भाषेत तर मोगरी म्हणजे कपडे बडवायचं लाकूड. बघते तर जांभळट शेंगा, बारीक, टोकाला वळलेल्या. खाऊन बघितली तर मुळा. अहो डिंगऱ्या! आपल्या मुळ्याच्या डिंगऱ्या, फक्त जांभळ्या. तिकडे दह्यात कालवून कोशिंबीर करतात म्हणे. मी मावशीला म्हटलं, सयाजीरावांनी कारभारातल्या शब्दांचा केवढा मोठा कोश काढला होता १९३१ मध्ये, 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु', इंग्रजी शब्दाला गुजरातीत काय, मराठीत काय, संस्कृतात काय, सगळं त्यात, दरबारचं भागलं पण भाजीबाजाराचं राहिलं. मावशी म्हणाली, "तू बोल कमी ने, पिशवी धर."

आता भोगीचं. ज्यांच्याकडे नसते त्यांच्यासाठी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी, त्या दिवशी सगळ्या मोसमी भाज्या एकत्र करून मिसळीची भाजी, तिळाचं कूट घालून, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. न खाई भोगी तो सदा रोगी, हे आमच्याकडे दरवर्षी प्रत्येक बाई प्रत्येक बाईला फोनवर ऐकवते. त्यात पावटा-वालपापडी हवी, वांगी हवीत, गाजर, ओले शेंगदाणे, ओला हरभरा, दोन-चार बोरं सुद्धा. आणि सुगडात घालायला पुन्हा हरभरा, ऊस, बोरं, गव्हाच्या ओंब्या.

पण त्या दिवशी मार्केटमध्ये आम्ही सोडून बाकी सगळा गाव उंधियूची खरेदी करत होता. उत्तरायणाला गुजरात्यांचा उंधियू-जलेबी ठरलेला. आणि त्यालाही काय हवं, तर पापडी, छोटी वांगी (त्यांची रवैया), तुरीचे ओले दाणे, हिरवा लसूण. म्हणजे एकाच टोपलीवर दोन सणांचा डोळा. पापडीवालीकडे मावशी आणि एक गुजराती बेन समोरासमोर बसल्या, दोघी उकिडव्या, दोघींचे हात त्याच ढिगात. पापडी कशी निवडायची ते तिथे शिकले. शेंग नुसती बघायची नाही, अंगठ्याच्या नखाने शिवण जरा दाबायची, चट्कन उघडली आणि आत दाणा टच्च हिरवा दिसला तर घ्यायची, वातड वाकली तर परत टाकायची. मावशी एकेक शेंग अशी निवडत होती, ती बेनही, आणि मध्येच दोघींनी एकच शेंग धरली. भाव काय तर साठना अढीसो. म्हणजे साठ रुपये पाव किलो, दोनशेचाळीसने किलो! मावशी म्हणाली मागच्या आठवड्यात निम्म्याला होती. पापडीवाली म्हणाली मागच्या आठवड्यात उत्तरायण नव्हती. याला काय उत्तर आहे.

त्या बेनने मग मावशीला विचारलं की तुम्ही उंधियूत गाजर घालता?? चेहरा असा की मावशी खिरीत लसूण घालतेय. मावशीने सांगितलं हा उंधियू नाही, आमची भोगी. ती म्हणाली एकच ना, सगळं शाक भेगुं. मावशी अडतीस वर्षं तिथे राहून जितकी गुजराती झालीय ना, ती तेवढ्यापुरती सगळी गळून पडली आणि ती एकदम आमच्या आजीसारखी ताठ झाली. "उंधियूत तेलाचा तवंग असतो, आमच्या भाजीत तीळ असतो." पण नंतर गाडीवर मला हळूच म्हणाली की खरं तर बहिणीच आहेत दोघी.

मग ओला हरभरा. मी विचारत फिरतेय हरभरा, हरभरा, कोणाला कळेना, 'लीला चणा' म्हटल्यावर एकाने झुडपंच्या झुडपं दाखवली आणि म्हणाला पोपटा. पोपटा! मला लगेच पोपटी आठवली, रायगडकडची. तिकडे थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. आणि उंधियू हे नाव पण त्यातूनच, ऊंधुं म्हणजे उलटं, मूळचा उंधियू शेतात मडकं उलटं पुरून वर जाळ करूनच व्हायचा. शब्दाचा काही संबंध असेल-नसेल, मडक्याचा तर आहे. पोपटावाला पादऱ्याकडचा होता, बडोद्याला भाजी बरीच त्या बाजूने येते. हातात माती, नखं हिरवी, स्वतःच एक घाटा सोलून माझ्या तळहातावर दाणा ठेवला. त्या कवळ्या हरभऱ्याला वरून एक आंबट-खारट चव असते ना, पानांवरची आंब, तीच. बोटं दिवसभर आंबट लागत होती.

मावशी ऊस आणि बोरांची घासाघीस करायला गेली आणि मला आईची रताळी आठवली. म्हटलं एवढं तर आपलं आपण घेऊ. एका ठेल्यावर पाटी नव्हती पण तो माणूस स्वतःच ओरडत होता "रतालू, रतालू". बघा, सरळ शब्द, सगळ्या मार्केटमध्ये हा एकच मला पटकन कळला. मातीने माखलेले मोठे मोठे ओबडधोबड कंद होते, म्हटलं इकडची जात मोठी असणार, आई म्हणाली होतीच. ढिगावर एक कापून ठेवलं होतं, आतून गडद जांभळं, मी ते बीट समजले. (हसू नका. मातीत सगळं सारखंच दिसतं.) दोन किलो सांगितले, त्याने एकच उचललं आणि काट्यावर ठेवलं, दोन किलोला पन्नास ग्रॅम कमी. एकच रताळं दोन किलोचं! तरी मला शंका आली नाही. तो म्हणाला, "कापी आपुं, बेन?" मी म्हटलं नको नको, प्रवासात न्यायचंय.

घरी आल्यावर मावशीने पिशव्या रिकाम्या केल्या. पापडी सुपात, पोपटा बाल्कनीत, आणि मग तिने तो धोंडा बाहेर काढला आणि माझ्याकडे बघितलं. "हे कशाला आणलंस?" म्हटलं आईला रताळी. ती खुर्चीतच बसली हसत. रतालू म्हणजे कोनफळ. रताळ्याला तिकडे म्हणतात शक्करिया, आणि शक्करिया त्या ठेल्याच्या अगदी बाजूला होते, मावशीने त्यातले पाव किलो घेतलेही होते. अडतीस वर्षांपूर्वी ती नवीन सून म्हणून आली तेव्हा सासूने रतालू आण म्हटल्यावर तिने रताळी आणली होती, म्हणजे माझी चूक बरोब्बर उलटी, आणि सासूने ते दोन वर्षं सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. मला म्हणाली, मी तुझं फक्त संक्रांतीपर्यंत सांगेन.

सांगितलंच. चौदाला सगळी मंडळी गच्चीवर, सकाळपासून "काप्यो छे, काप्यो छे" आणि थाळ्या बडवणं, कानाचे पडदे जायची वेळ, आणि ताटात शेजारच्यांनी पाठवलेला उंधियू, जलेबी, बाजूला मावशीची आदल्या दिवशीची उरलेली भोगी. उरलेली भोगी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते हे माझं ठाम मत आहे. मावशीने माझ्या कोनफळाचा अर्धा भाग हाताला तेल लावून सोलला (नाहीतर खाजतं), फोडी तळल्या आणि वर मीठ-तिखट भुरभुरलं. दर वेळी कोणी फोड उचलली की दादा ओरडायचा, "रताळं खा, रताळं!" उरलेला अर्धा भाग कागदात गुंडाळून माझ्या बॅगेत.

आईने नाशिकला तो कागद उलगडला, जांभळं बघून काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली, म्हणजे मावशीचा फोन आधीच येऊन गेलेला.

मग बुधवारी मीच गेले गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या बाजारात. रताळ्यांचा ढीग समोर, लालसर, बोटभर जाड, मातीबिती झटकलेली. आठवडाभर घरात-गच्चीवर तोच एक शब्द डोक्यात घुमवून घेतलेला, आणि तोंडातून गेलं, "मावशी, शक्करिया कशी दिली?"

ती म्हातारी म्हणाली, "साखरबिखर वाण्याकडं बाई. हिथं रताळी हायेत."

दोन किलो घेतली.